धुराड्यात घरटं, खिडकीत पोळी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी एखादा डॉक्टर आणि दोन-तीन सॉफ्टवेअरवाले आपापल्या कामाबद्दल लिहितात. यंदा संपादकीणबाईंना काहीतरी वेगळं हवं होतं. भोंडल्याच्या दिवशी खिरापतीच्या रांगेत त्यांनी मला गाठलं. "काका, तुम्ही आता रिटायर झालात. तुमच्या फील्डबद्दल लिहा ना."

मी म्हटलं, "माझं फील्ड म्हणजे कबाबच्या दुकानांची धुराडी."

त्यांना वाटलं मी टाळतोय. क्षणभर विचार करून म्हणाल्या, "चालेल, पण शक्यतो व्हेज ठेवा."

ठेवतो. योगायोगाने ही हकिगत निम्मी तरी व्हेज आहेच.

मी मूळचा साताऱ्याचा. आयटीआय करून तिथल्या एका डेअरीत बॉयलरवर होतो. माझी बायको नंदा नर्स. तिला ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर 'डिपेंडंट' म्हणून मी इथे आलो. वरात तिची, मी वऱ्हाडी. इथे गॅसला हात लावायचा तर परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. घरगुती बॉयलरचा परवाना सगळेच काढतात. मी हॉटेलांच्या किचनचा काढला, कारण त्यात माणसं कमी होती. ती कमी का होती, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. कढईतल्या आणि मांसातल्या चरबीची वाफ पाइपात जाऊन थिजते, तिचा मेणासारखा थर बसतो, आणि तो अंगाखांद्यावर घेऊन घरी यावं लागतं. आमची सई तेव्हा लहान होती, इथेच जन्मलेली. दारातच नाक धरून म्हणायची, "बाबा, तुझी जॅकेटला वास येते." व्याकरण चुकीचं, मुद्दा बरोबर.

गावी फोनवर भावाला मी सांगितलं होतं की मी डोनर मशीनचं काम करतो. त्याने सगळ्या आळीला सांगितलं की वहिनींच्याच हॉस्पिटलात दादाही रक्तदानाच्या खात्यात लागले. आईने देवापुढे साखर ठेवली. इतक्या पुण्याच्या कामात मी कशाला खोट काढू?

तर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे डोनर काय ते सांगतो. उभ्या सळईवर मांसाचे पातळ काप एकावर एक रचून त्यांचा भलामोठा भोवरा करतात. तो हळूहळू फिरत राहतो आणि त्याच्या पाठीमागे जाळ असतो, पण आपल्या चुलीसारखा खालून नाही, भिंतीसारखा उभा. बाहेरचा थर खरपूस झाला की लांब सुरीने कापून रोटीत भरतात. तुर्की माणसांनी हे इथे आणलं, आणि आता या देशात एकवेळ पोस्ट ऑफिस नसलेलं गाव सापडेल, पण कबाबचं दुकान नसलेलं सापडणार नाही. गोऱ्या लोकांना ते पबमधून बाहेर पडल्यावर आठवतं. माझं काम दिवसाउजेडी असल्यामुळे मला त्या दुकानांचं दुसरं रूप दिसायचं. सकाळी दहाला कांदा-कोबीचे डोंगर, चहाचे कमरेत बारीक असलेले काचेचे ग्लास, आणि सगळ्यांत मागे एखादे आजोबा डाळीचं सूप ढवळत बसलेले.

माझं काम त्या उभ्या जाळाचं, आणि त्याहून जास्त त्याच्या धुराचं. मशीनवर पत्र्याचं मोठं हूड असतं, तिथून पाइप छपरापर्यंत जातो, आणि वर पंखा धूर ओढत राहतो. पंख्याने पुरेशी हवा ओढली नाही तर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही, अशी जोडणी केलेली असते. कारण कोंडलेल्या जागेत गॅस जळला की जो विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास. माणसाला डोळ्यावर झापड येते आणि तो उठतच नाही. दुकानदाराला वाटतं मी गॅस बंद करतो. मी कोण करणारा? पंखा करतो. मी फक्त शिव्या खायला येतो.

युसुफची आणि माझी ओळख अशाच एका बंद गॅसमुळे झाली. तो तुर्कस्तानातल्या अदाना नावाच्या शहराजवळचा. उत्तर लंडनमध्ये चुलत्याच्या दुकानात बरीच वर्षं सुरी चालवून त्याने ब्रिस्टलमध्ये स्वतःचं दुकान घेतलं. आधीचा चिप्सवाला गेल्यावर ती जागा हिवाळाभर रिकामी पडली होती. युसुफने फरशा बदलल्या, पाटी लावली, नवं मशीन आणलं, आणि उघडायच्या आठवड्यात गॅस जोडून तपासायला मला बोलावलं. दारात मला बघून म्हणाला, "या, उस्ता." तुर्कीत कारागिराला उस्ता म्हणतात. आपला उस्ताद तो हाच. मग चहा पिता पिता आम्हांला असे पुष्कळ शब्द सापडले. दुकान त्यांचंही दुकान, हवा त्यांचीही हवा, तवा त्यांचाही तवा. इतकंच काय, सुताराच्या रंध्याला ते रेंदे म्हणतात. मला एकदम बरं वाटलं.

पण पंखा चालू केला तरी गॅस येईना. पंखा चांगला फिरत होता, पाइप साफ होता, हवा मात्र पुढे सरकत नव्हती. मी शिडी लावून छपरावर गेलो. धुराड्याच्या तोंडाशी काटक्या, गवत, निळ्या दोऱ्या, कुणाचा तरी मोजा अशी भरगच्च गादी होती. गादीत तपकिरी ठिपक्यांची अंडी होती. आणि त्या अंड्यांची आई माझ्या डोक्यावरून दोन हातांवर घिरट्या घालत होती.

ब्रिस्टलचे सीगल ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. बदकाएवढा पक्षी, कोंबड्याचा स्वभाव. मी शिडीवरून उतरलो नाही, घसरलो. खाली युसुफने फक्त माझ्या टोपीकडे बघितलं आणि टिश्यू पेपरचा रोल पुढे केला.

"काढून टाका ना ते," तो म्हणाला.

"नाही काढता येत. इथे पक्ष्याने अंडी घातली की घरट्याला हात लावणं गुन्हा आहे."

"मी भाडं भरतो. पक्षी भरत नाही."

"तरी घर तिचं."

मागच्या भिंतीतून नवा पाइप काढायचा तर परवानगी लागणार, आणि ती येईपर्यंत पिल्लं उडून गेलेली असणार. अंडी फुटायची, पिल्लांना पंख फुटायचे, म्हणजे अख्खा उन्हाळा जाणार होता. युसुफ स्टुलावर बसला. त्याने होतं नव्हतं ते त्या दुकानात घातलं होतं. बाहेर पाटीवर लाल अक्षरांत 'ओपनिंग सून' लिहिलेलं. तो बराच वेळ त्या नव्या, कोऱ्या, एकदाही न पेटलेल्या मशीनकडे बघत राहिला.

तेव्हा आतून त्याची बायको आली. हातिजे तिचं नाव. ठेंगणी, डोक्याला फुलांचा रुमाल, बोलणं मोजकं. ती एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करायची आणि दुकान मार्गी लागल्यावर ते सोडून इथे येणार होती. तिने तुर्कीत नवऱ्याला काहीतरी विचारलं, त्याने हात झटकले. मग तिने मला इंग्रजीत विचारलं, "विजेवर चालेल का?"

"डोनर?"

"नाही. गोझलेमे."

युसुफ हसला. ते हसणं काही बरं नव्हतं. मला म्हणाला, "ही घरात बायका करतात ती पोळी आहे, उस्ता. पालक घालतात, चीज घालतात. घरची पोळी खायला कोण दुकानात येतं?"

मला आमच्या आईचं थालीपीठ आठवलं. आम्हीही असंच म्हणालो असतो. पण हातिजे माझ्याकडेच बघत होती, नवऱ्याकडे नाही. प्रश्न विजेचा होता आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. विजेच्या तव्याला गॅसची भानगड नाही, आणि पोळीच्या थोड्याशा वाफेला खिडकीतला छोटा पंखा पुरे. त्याच सुमारास एक फ्रेंच धिरड्यांचा स्टॉल बंद झाला होता. तिथला मोठा गोल विजेचा तवा मी दुसऱ्या दिवशी घेऊन आलो. एवढी वीज ओढणाऱ्या तव्याला स्वतंत्र लाइन लागते. ती दुकानात एकाच ठिकाणी होती. चिप्सवाल्याचा आइस्क्रीमचा फ्रीझर असायचा तिथे, रस्त्याकडच्या मोठ्या काचेच्या खिडकीत.

"इथे बसून लाटू?" हातिजे म्हणाली. "सगळ्या रस्त्यासमोर? मी काय बाहुली आहे?"

दुसरी सोय नव्हती. तिने घरून अर्धा लेसचा पडदा आणून खिडकीला लावला आणि त्याच्या आड बसली.

तिचं लाटणं बघण्यासारखं होतं. हातात आपल्या लाटण्याच्या निम्म्या जाडीची आणि दुप्पट लांबीची काठी. गोळा जरा पसरला की ती तो काठीवर गुंडाळायची, तळव्यांनी दाबत पुढे सरकवायची, उलगडायची, वळवायची, पुन्हा गुंडाळायची. बघता बघता पाटाएवढी पोळी, आरपार दिसेल अशी. त्यात बारीक चिरलेला पालक, पांढरं खारट चीज, कांदा. पाकिटासारखी घडी, कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत, आणि उतरवल्यावर लोण्याचा हात. नंदा ड्यूटीवरून येताना एकदा बघायला थांबली आणि म्हणाली, "अहो, माझी आजी मांडे करायची ना, तिला दाखवायला हवी होती ही बाई."

पण पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. पाटी कबाबची, आत कबाब नाही, आणि पडद्याआड कोण काय करतंय ते दिसत नाही. युसुफ मागे बसून कांदे चिरायचा. कशाला चिरायचा ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी एके दिवशी मागच्या बाजूला गॅसच्या पाइपाचे सांधे पुन्हा तपासून ठेवत होतो. पिल्लं उडतील तेव्हा उशीर नको म्हणून. दुकानासमोर बसस्टॉप आहे आणि तिथे ड्रायव्हर बदलतात. त्यांच्यातला एक पोट सुटलेला, लालबुंद गालांचा माणूस दार ढकलून आत आला. त्याचं नाव टेरी, हे पुढे कळलं. त्याने पडद्यावरून डोकावून हातिजेला विचारलं, "व्हॉट यू मेकिंग देअर, माय लव्हर?"

कांद्याची सुरी हातात घेऊनच युसुफ बाहेर आला. कांद्याने डोळेही लाल झालेले. टेरी एक पाऊल मागे सरकला. हातिजे काठी हातात धरून उभी राहिली, आणि नक्की कुणावर चालवायची याचा विचार करत असावी. मी पाना टाकून धावलो.

"युसुफ, थांब. तो काही वाईट बोलला नाही. इथे सगळ्यांनाच तसं म्हणतात."

"कुणाच्याही बायकोला?"

"बायकोला, नवऱ्याला, पोस्टमनला. मलाही म्हणतात."

हे खरंच आहे. ब्रिस्टलच्या जुन्या लोकांच्या तोंडात 'माय लव्हर' हे आपल्या 'काय दादा', 'काय मावशी'सारखं बसलेलं असतं. मी इथे नवा असताना हार्डवेअरच्या काउंटरवरची पन्नाशीची बाई मला स्क्रू देताना तसं म्हणाली होती. मी घाबरून घरी येऊन नंदाला सगळं सांगून टाकलं. ती ताटं वाढता वाढता म्हणाली, "मला वॉर्डातले सगळे म्हातारे म्हणतात. जेवायला बसा."

टेरीने माफी मागितली, युसुफने सुरी खाली ठेवली, आणि अवघडलेपण घालवायला हातिजेने तव्यावरची पोळी कागदात गुंडाळून टेरीच्या हातात दिली. तो उभ्या उभ्या खाऊ लागला. अर्धी संपल्यावर म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर दोघं-तिघं येतील. आणि हा पडदा काढा. बस थांबवली की वरून दिसलं पाहिजे, तुम्ही आहात की नाही."

हातिजेने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा 'माय लव्हर' म्हणतील का, असं काहीसं तिला विचारायचं असावं. मी म्हटलं, "म्हणतील." तिने पडदा काढला.

मग जे झालं ते मी कामावर जाता-येता बघत गेलो. आधी ड्रायव्हर आले. त्यांच्या बसमधून उतरणारे लोक खिडकीशी थबकायला लागले. काठीवर गुंडाळली जाणारी पोळी बघायला इतकी माणसं उभी राहायची की फुटपाथवरून बाबागाडी नेता येईना. युनिव्हर्सिटीतली मुलं आली, विमानांच्या कारखान्यातले इंजिनिअर आले, आणि त्यांच्यातले आपले नागपूरचे दोघं येऊन 'नॉनव्हेज तव्याला लागत नाही ना' असं तीनतीनदा विचारून गेले. एक म्हातारी बाई रोज यायची आणि रोज सांगायची की तिला पालक अजिबात आवडत नाही. मग पालकाचीच घ्यायची. बटाट्याची सुरू झाली, त्यात तिखट घालायची सूचना माझी. एवढं श्रेय मला हवंच.

छपरावर अंडी फुटली होती. युसुफ त्या पक्षिणीला 'घरमालकीण' म्हणायला लागला होता, आणि गिऱ्हाइकं आत येताना 'काय म्हणते घरमालकीण?' असं विचारायची. तो हसून उत्तर द्यायचा. पण सगळे गेले की त्या थंड मशीनसमोर उभा राहायचा. मला तो एकदा म्हणाला, "उस्ता, मी वीस वर्षांचा असल्यापासून हे शिकलोय. लोक माझ्या दुकानात येतात आणि मी बशा धुतो." त्यात मत्सर नव्हता असं मी म्हणणार नाही. पण दुःख होतं हे मात्र नक्की.

पिल्लं अखेर उडाली. मी वर जाऊन घरटं काढलं, तोंडाला जाळी बसवली, खाली येऊन पंखा लावला. व्हॉल्व्ह उघडला आणि उभा जाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळा-लाल होत गेला. युसुफने डोळे पुसले. त्या दिवशी कांदा नव्हता.

त्याचा कबाब उत्तम होता, यात शंका नाही. नंदा खात नाही, मी खातो, आणि मी इतक्या दुकानांत खाल्लाय की माझ्या मताला किंमत आहे. पण कबाब सुरू केल्याबरोबर युसुफने खिडकीतला तवा उचलून मागच्या खोलीत ठेवला आणि तिथे थंड पेयांचा फ्रीज आणला. त्याच्या मते पोळी ही तात्पुरती सोय होती, अडचण संपली, सोय संपली. हातिजे मागे सॅलड कापायला लागली. टेरी आला, खिडकीतला फ्रीज बघून म्हणाला, "ती कुठे गेली?" युसुफ म्हणाला, "आज कबाब आहे." टेरीने कबाब घेतला, पण बसमध्ये चढताना मागे वळून खिडकीकडे बघितलं.

असे काही आठवडे गेले. एका रविवारी दुपारी हातिजे आमच्या घरी आली. एव्हाना तिची आणि नंदाची मैत्री झाली होती. दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या ठिकाणी मोडायचं, त्यामुळे मिळून एक पूर्ण वाक्य व्हायचं. चहा झाल्यावर ती मला म्हणाली, "उस्ता, उघड्यावर गॅसचा तवा चालतो का?"

"चालतो. पण कुठे?"

हार्बरजवळच्या चौकात शनिवारी स्ट्रीट फूडचा बाजार भरतो. तिथल्या मॅनेजरला, ज्यूली नावाच्या बाईला, ती परस्पर जाऊन भेटली होती. जागा मिळत होती. तंबू, टेबल सगळं ठरलं होतं. फक्त गॅसची जोडणी करून ती सुरक्षित असल्याचं परवानाधारक माणसाने सांगायला हवं होतं.

"युसुफला माहीत आहे?"

"त्याने मशीन आणताना मला विचारलं होतं?"

युसुफ माझं गिऱ्हाईक होता आणि मित्रही झाला होता. त्याच्या पाठीमागे त्याच्या बायकोला वेगळी चूल मांडून द्यायची, हे मला जड जात होतं. नंदाने कप उचलता उचलता सांगितलं, "अहो, जोडून द्या."

मी हातिजेला म्हटलं, "देतो. पण युसुफने विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"खोटं कशाला? मी आजच सांगणार आहे."

तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानावरून गेलो तर युसुफने मला पाहिलं आणि मान फिरवून मांस कापत राहिला. 'उस्ता' नाही की 'हॅलो' नाही. त्या आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही, हे कबूल करतो.

शनिवार उजाडला तो वारा घेऊन. हार्बरचं पाणी खळबळत होतं, तंबूंची कापडं फडाफडा वाजत होती. हातिजेने पहाटे भिजवलेल्या कणकेचे गोळे ओल्या फडक्याखाली मांडले होते. मी बर्नर पेटवला. क्षणभर चांगला जळला आणि वाऱ्याच्या झोताने विझला. विझला की गॅस आपोआप बंद होतो, तशी त्यात सोय असते, आणि ती असायलाच हवी. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. ज्यूली आली. वाईट बाई नव्हती. म्हणाली, "हे बघा, जाळ टिकत नसेल तर मी उघडू देऊ शकत नाही. आणि प्लास्टिकचा आडोसा जाळाजवळ चालणार नाही."

तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. पत्र्याचा आडोसा हवा होता, तोही तव्याच्या मापाचा, आणि शनिवारी सकाळी तो कुठून आणणार? समोर रांग लागायला लागली होती. रांगेत सर्वांत पुढे टेरी, सुट्टीचा दिवस म्हणून बायकोला घेऊन आलेला. हातिजे हात बांधून उभी होती. तिचा चेहरा मी दुकान बंद असतानाही इतका पडलेला पाहिला नव्हता.

"युसुफला फोन कर," मी म्हटलं.

"नाही करणार."

नंदा जरा बाजूला गेली. मला वाटलं ती हॉस्पिटलात फोन करतेय. नंतर कळलं की तिने युसुफला फोन लावला होता आणि एवढंच बोलली होती, "युसुफभाई, इथे वारा फार आहे. जाळ टिकत नाही." पुढे काही विनवणी नाही, सल्ला नाही. आयुष्यभर वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना फोन करून करून तिला ते जमतं.

थोड्या वेळाने युसुफची व्हॅन चौकाच्या कडेला लागली. त्याने मागचं दार उघडून स्टीलचे दोन लांब पत्रे बाहेर काढले. मी ते लगेच ओळखले, कारण मीच बसवले होते. डोनर मशीनच्या दोन बाजूंना जाळ आणि उष्णता अडवायला पक्ष्याच्या पंखांसारखे पत्रे असतात, ते. पठ्ठ्याने स्वतःच्या नव्या मशीनचे स्क्रू काढून ते आणले होते. त्यांच्याशिवाय मशीन लावता येत नाही.

तो बायकोशी बोलला नाही. माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. "उस्ता, पाना."

आम्ही दोघांनी मिळून ते टेबलाच्या वाऱ्याकडच्या बाजूला बसवले. बर्नरला हवा मिळावी म्हणून मी खाली फट ठेवायला सांगितली, त्याने ठेवली. काम चालू असताना मी विचारलं, "आणि दुकान?"

"आज बंद."

"शनिवारी?"

त्याने स्क्रू घट्ट पिळला. "वारा फार आहे," तो म्हणाला.

मी बर्नर पेटवला. जाळ वाकला, थरथरला आणि उभा राहिला. ज्यूलीने वाकून बघितलं, काही वेळ थांबली आणि मान डोलावली. हातिजेने पहिला गोळा घेतला. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, पण पालकाचं पातेलं त्याच्या बाजूला सरकवलं. त्याने बाह्या वर केल्या आणि कांदा चिरायला घेतला. या खेपेला कशासाठी ते त्याला माहीत होतं.

त्याला आता काही वर्षं झाली. दुकान चालू आहे, खिडकीतला फ्रीज गेला आणि तवा परत आला. शनिवारी दुपारी दुकान बंद, दोघंही बाजारात. शहरात कुठे जत्रा असली, बंदरावर बोटींचा मेळा असला की हातिजेचा स्टॉल असतोच, आणि तिथली रांग बघून बाहेरगावचे लोक समजतात की गोझलेमे हा ब्रिस्टलचाच काही जुना पदार्थ असावा. मी त्यांचा गैरसमजही दूर करत नाही. शंभर वर्षांनी तो खरा ठरेल.

माझ्या धंद्याचं मात्र तसं नाही. नवी किचनं विजेवर चालतात, मुलं गॅसची परीक्षा द्यायला तयार नसतात, आणि उभा निळा जाळ पेटताना बघायला मिळणं हळूहळू दुर्मीळ होणार. मी शेकडो पेटवले. आपण पेटवलेल्या जाळावर कोण काय शिजवतंय हे आपल्याला सहसा कळत नाही, गॅसवाला आठवतो तो फक्त बंद पडल्यावर. याची थोडी रुखरुख आहे. म्हणून शनिवारी जमलं की आम्ही दोघं हार्बरवर चक्कर मारतो.

परवाच गेलो होतो. एक तरुणी युसुफला गाठून उभी होती. तिचं लग्न ठरलं होतं, दोनेकशे पाहुण्यांसाठी गोझलेमे हवे होते. तिने विचारलं, "तुम्ही ओनर का?"

युसुफचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. तो म्हणाला, "ओनर लाटतेय. मला सांगा, मी विचारून येतो."

तो मागे गेला आणि बायकोच्या कानाशी वाकून बोलला. हातिजेची काठी थांबली नाही. मान वर न करता, त्या मुलीला ऐकू जाईल अशा बेताने, ती इंग्रजीत म्हणाली, "आधी विचार, पाऊस आला तर तंबू त्यांचा की आपला."

युसुफने हात फडक्याला पुसले, परत आला, आणि अगदी अदबीने विचारलं.